दुधाच्या दोन पिशव्या

२०२४ सालच्या जानेवारीची दोन तारीख. संध्याकाळी सातच्या सुमाराला दार वाजलं. शेजारच्या फ्लॅटमधला मोगादिशूचा, म्हणजे सोमालियाच्या राजधानीतला मुलगा उभा होता. “एद्दो, थोडं दूध मिळेल का? खालचं दुकान बंद आहे.” फ्रीजमधून अर्ध्या लिटरची पिशवी काढून त्याच्या हातात दिली. मान लववून गेला. मी गवार निवडायला बसले, तेवढ्यात पुन्हा दार वाजलं. या वेळी हर्गेसाचा मुलगा. दोघं एकाच फ्लॅटमध्ये राहतात, एकाच गॅसवर रांधतात. त्यालाही दूधच हवं होतं. “अरे, आत्ताच तर नेलं की त्याने,” मी म्हटलं. त्याने पायातल्या स्लिपरकडे बघत उत्तर दिलं, “ते त्याचं आहे, एद्दो.” सकाळसाठी ठेवलेली दुसरी पिशवीही मी देऊन टाकली. दुधाचं काही नाही. पण ती दुसरी पिशवी रात्रभर माझ्या डोक्यात फिरत राहिली. दीड वर्ष ज्यांचा चहा एका पातेल्यात उकळला, ती पोरं दुधावरून वेगळी झाली, म्हणजे भांडण भाड्याचं किंवा भांडी घासण्याचं नव्हतं.

कोंढव्यात सोमाली, सुदानी, येमेनी मुलं आता कुणाला नवीन नाहीत. फ्लॅट माझ्या दिरांचा. ते असतात बाहेर, म्हणून भाडेकरू बघणं आणि पोलिसांचा सी-फॉर्म भरणं माझ्याकडे. त्या फॉर्मवर राष्ट्रीयत्वाचा रकाना येतो. मोगादिशूच्या मुलाने चटकन ‘सोमालिया’ सांगितलं. हर्गेसाचा मात्र थांबला. पासपोर्ट तर त्याच्याकडेही मोगादिशूच्या सरकारचाच होता, निळा. “लिहा सोमालिया,” तो म्हणाला, आणि मग हळूच, “पण मी सोमालीलँडचा.” शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवूनही हा फरक मला धड माहीत नव्हता, याची मला त्या क्षणी लाज वाटली. सोमालीलँड म्हणजे सोमालियातून वेगळा झालेला उत्तरेचा भाग. हर्गेसा त्याची राजधानी, पण त्याला देश म्हणून तेव्हा कुणी मानत नव्हतं. दोघांच्या खोल्यांत दोन झेंडे लागले. एकीकडे आकाशी निळ्यावर पांढरा पंचकोनी तारा, दुसरीकडे हिरवा-पांढरा-लाल पट्टा, मधे काळा तारा. मधल्या भिंतीला मात्र एकच दब्काद असायचा, पांढऱ्या मातीचं धुपाटणं. त्यात ते निखाऱ्यावर ऊन्सी टाकायचे. धूप, साखर, अत्तर असं काय काय त्यात असतं. तो वास जिन्यातून माझ्या देवघरापर्यंत यायचा, आणि आमच्या ऊदबत्तीत इतका सहज मिसळायचा की कधी कधी मला कळायचं नाही, कुणाचा धूर कुणाच्या घरात आलाय.

एद्दो म्हणजे आत्या. सुरुवातीला ते मला आंटीच म्हणत. सहा महिन्यांनी एकदम एद्दो झाले. मी विचारलं, मावशी का नाही? तर म्हणे वंश बापाकडून मोजतात, आत्या म्हणजे आपल्या रक्ताची. मला गहिवरून आलं होतं. मग शनिवारी अंजेरो यायला लागले. आपली आंबोळीच ती, फक्त वर तीळाचं तेल आणि साखर. भाताबरोबर केळं खातात हे बघून माझ्या सासूबाई आधी दचकल्या आणि मग म्हणाल्या, आपण तरी शिकरण पोळीशी खातोच की. आणि त्यांचा चहा! त्याला ते शाह म्हणतात. वेलची, दालचिनी, लवंग, आणि दूध भरपूर.

म्हणून दूध.

दोन दिवसांनी मोगादिशूचा मुलगा पिशवीचे पैसे द्यायला आला, तेव्हा मी त्याला बसवूनच घेतलं. एक जानेवारीला अदिस अबाबात इथिओपियाचे पंतप्रधान अबी अहमद आणि सोमालीलँडचे अध्यक्ष मुसे बिही यांनी एका करारपत्रावर सह्या केल्या होत्या. इथिओपियाला समुद्र नाही. १९९३ साली एरिट्रिया वेगळा झाला आणि किनारा गेला. सोमालीलँडने त्यांना आपल्या किनाऱ्याचा वीस किलोमीटरचा पट्टा पन्नास वर्षांसाठी नौदलाला द्यायचा, आणि इथिओपियाने त्यांना देश म्हणून मान्यता देण्याचा विचार करायचा, असा तो व्यवहार. मोगादिशूच्या दृष्टीने सोमालीलँड हा देशच नाही, मग तो किनारा भाड्याने देणार कोण? हे सांगताना त्याचा आवाज चढत नव्हता, उलट बसत चालला होता. त्याला जास्त लागलं होतं ते वेळेचं. आदल्याच महिन्यात, डिसेंबरात, त्याने मला वाटीभर हल्वो आणून दिला होता, जायफळाच्या वासाचा, तुपाने बोटं माखणारा. १९९२ पासून सोमालियावर लादलेली शस्त्रबंदी संयुक्त राष्ट्रांनी उठवली म्हणून. त्यानंतर पंधरवड्यातच साडेचार अब्ज डॉलरचं परकी कर्ज माफ झालं. “एद्दो, आता आम्ही आमच्या पायावर,” असं म्हणून त्याने हल्वो दिला होता. आणि नवं वर्ष उजाडलं ते या बातमीने.

तो २००२ सालचा. त्याची पहिली आठवण रणगाड्याची आहे. २००६च्या जूनमध्ये इस्लामी न्यायालयांच्या संघटनेने मोगादिशू टोळीवाल्यांच्या हातून घेतलं. त्याची आई सांगते, पंधरा वर्षांत पहिल्यांदा नाक्या-नाक्यावरची वसुली थांबली, विमानतळ उघडला, बंदर उघडलं. सगळं गोड नव्हतं; सिनेमे बंद, फुटबॉलचे सामने बघायला बंदी. पण बाई एकटी बाजारात जाऊ शकत होती. तिकडे बैदोआ शहरात एक हंगामी सरकार होतं, ज्याला जग ओळखायचं आणि मोगादिशू नाही. त्या सरकारच्या बोलावण्यावरून, अमेरिकेच्या पाठिंब्याने, डिसेंबरच्या शेवटी इथिओपियाचं सैन्य शहरात घुसलं. पुढच्या वसंतात गल्ल्यांमधून तोफा चालल्या. त्याची आई दोन मुलं, एक पातेलं आणि एक चटई घेऊन अफगोयेच्या रस्त्याला लागली. मोगादिशूपासून पश्चिमेला जाणारा तीस किलोमीटरचा रस्ता. त्याच्या दोन्ही बाजूंना लाखो माणसं काटक्या वाकवून, वर चिंध्या टाकून राहिली. त्याला आठवतं ते प्लास्टिकवर पडणाऱ्या पावसाचा आवाज आणि बहिणीचा खोकला. जी संघटना तेव्हा तरुण पोरांची एक छोटी टोळी होती ती कट्टर इस्लामी अल-शबाब, ‘परक्यांना हाकला’ या एका वाक्यावर याच दोन वर्षांत फोफावली. इथिओपियाचं सैन्य २००९च्या जानेवारीत गेलं. अल-शबाब राहिली. “आमच्याच सरकारने त्यांना बोलावलं होतं,” तो म्हणाला. हे वाक्य त्याने तीनदा म्हटलं.

हर्गेसाचा मुलगा आला तो पुढच्या आठवड्यात, गॅस सिलिंडरचं विचारायला. त्यालाही मी बसवलं. त्याच्या शहराच्या मधोमध एका चौथऱ्यावर मिग विमान उभं आहे. १९८८ साली सोमालियाचा हुकूमशहा सियाद बर्रे याच्या हवाईदलाने हर्गेसावर बॉम्ब टाकले, आणि ती विमानं हर्गेसाच्याच धावपट्टीवरून उडत होती. उडायचं, शहरावर ओतायचं, परत तिथेच उतरायचं. आपल्याच झेंड्याची विमानं, आपल्याच करातून घेतलेली. त्याचे वडील तेव्हा बारा वर्षांचे होते. ते आजीचा हात धरून रात्री चालत आणि दिवसा झुडपात लपत इथिओपियाच्या हद्दीत पोहोचले. तिथे हर्तशेखला छावणी होती, तेव्हाच्या मोठ्यांत मोठ्या निर्वासित छावण्यांपैकी एक. पाणी टँकरने यायचं. वडिलांनी तिथे पहिला हिशेब शिकला, एका डब्यात किती पेले. “माझ्या बाबांना ज्यांनी मारायचा प्रयत्न केला ते सोमाली होते,” तो म्हणाला, “आणि ज्यांनी राहू दिलं ते इथिओपियाचे.”

दोघं एकाच देशाबद्दल बोलत होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बाहेरून बघणाऱ्याला हा वाद फार सोपा वाटतो. स्वाभिमानी एका बाजूला, परक्यांच्या ओंजळीने पाणी पिणारे दुसऱ्या बाजूला. मीही वर्तमानपत्र वाचताना तसंच बघत आले होते. पण ‘परका’ हा शब्द ज्याच्या तोंडी असतो त्याच्या घरावर कुणाचा गोळा पडला, यावर त्या शब्दाचा अर्थ ठरत असेल, तर मग वाद कोणत्या भाषेत करायचा? सोमालीत परक्याला म्हणतात अजनबी. देशाला वद्दन, म्हणजे आपलं वतन. खुर्चीला कुर्सी, दुकानाला दुकान. आणि सरकारला? दौलद. पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा मी स्वयंपाकघरातून उठून आले होते. आपल्या जुन्या कागदपत्रांत हाच शब्द याच अर्थाने येतो, ‘दौलतीचा कारभार’, ‘दौलतीवर संकट’. अरबीतून निघालेला एक शब्द समुद्राच्या दोन काठांना लागला. आपल्याकडे नंतर त्याचा अर्थ नुसता पैसाअडका झाला. वतन हा शब्दही आपण जमिनीच्या हक्कावर आणून ठेवला, आणि त्यापायी भाऊ भावाच्या उरावर बसले.

शब्दांच्या मागोमाग तह आठवला. नववीच्या वर्गाला मी किती वर्षं तो शिकवला असेन. १८०२च्या ऑक्टोबरात हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. हडपसर माझ्या या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. दुसरे बाजीराव पळाले, आणि त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी वसईला इंग्रजांशी तह करून बसले. तैनाती फौज घ्यायची, तिचा खर्च द्यायचा, परराष्ट्र व्यवहार त्यांना विचारून करायचे. पुढच्या मे महिन्यात इंग्रजांनी त्यांना पुण्याच्या गादीवर बसवलं. खुर्ची मिळाली, दौलत गेली. वर्गात मी हे फार ठासून सांगायचे, खडू मोडेपर्यंत. मोगादिशूच्या मुलाची गोष्ट ऐकताना मला पानोपानी तोच तह दिसत होता: आपल्याच माणसाशी भांडण, त्यात हरलेला एक, आणि त्याने बाहेरून आणलेली फौज. पण मग हर्गेसाच्या मुलाची आजी आठवायची. आपलीच दौलत आपल्यावर बॉम्ब टाकत असेल तर त्या बाईने तहाची कलमं वाचत बसायचं होतं का? माझ्या पुस्तकात तिला जागा नव्हती. बाजीरावांना होती, वेलस्लीला होती. पुणं लुटलं जात असताना पोरं घेऊन पळणाऱ्या बायांना नव्हती. हे मला साठी उलटल्यावर कळलं, आणि तेही शेजारच्या पोरांकडून.

स्वावलंबन ही सोमालियाला बाहेरून शिकवायची गोष्ट नाही. ‘इस्का वह उ कब्सो’, आपलं काम आपण करा, ही घोषणा सत्तरच्या दशकात तिथे गावोगावी होती. लोकांनी हाताने रस्ते केले, शाळांच्या भिंती उभारल्या, सरकत्या वाळूवर झाडं लावली. १९७२ साली सोमाली भाषेला पहिल्यांदा अधिकृत लिपी मिळाली, आणि १९७४ मध्ये शाळा बंद ठेवून हजारो विद्यार्थी भटक्या गुराख्यांना ती शिकवायला रानात पाठवले गेले. मोगादिशूच्या मुलाची आजी अशीच एका सोळा वर्षांच्या पोराकडून उंटांच्या पाणवठ्यावर अक्षरं शिकली. म्हातारपणी ती पोरांची पत्रं स्वतः वाचायची, बोट ठेवून. हे ऐकताना माझा ऊर भरून आला होता. पण त्याच सालात मोठा दुष्काळ पडला. जनावरं गेलेल्या हजारो गुराख्यांना दक्षिणेत शेतीवर आणि मासेमारीवर बसवायचं ठरलं, तेव्हा त्यांना उचलून न्यायला विमानं आली ती सोव्हिएत युनियनची. घोषणा आपली, पंख दुसऱ्याचे. आणि १९७७ साली इथिओपियातल्या सोमाली वस्तीच्या ओगादेन भागासाठी सोमालियाने युद्ध केलं, त्यात त्याच सोव्हिएतांनी बाजू बदलून इथिओपियाचा हात धरला.

सोमालीलँडच्या बर्बेरा बंदरालगतच्या धावपट्टीबद्दल मला हर्गेसाच्या मुलाने सांगितलं. समुद्राकाठी, चार किलोमीटरहून लांब, उन्हाळ्यात जिच्यावर उभं राहवत नाही अशी ती पट्टी सोव्हिएतांनी बांधली. १९७७ला त्यांना हाकललं. १९८०ला अमेरिकेशी करार झाला, अमेरिकन आले. देश कोसळला, मग पट्टीवर शेळ्या बसायच्या. २०१७ला संयुक्त अरब अमिरातीला तिथे लष्करी तळाची परवानगी मिळाली. बंदर त्याआधीच दुबईच्या कंपनीकडे गेलं होतं. आणि आता त्याच किनाऱ्यावर कुठेतरी इथिओपिया. एका लांबलचक काँक्रीटच्या पट्टीवर किती जणांची नजर! तिथल्या माणसांच्या भल्यासाठी यांतला कुणीही आलेला नव्हता, हे मी ठामपणे म्हणेन. त्याला बोलता बोलता तसं म्हटलंही. तो म्हणाला, “माहीत आहे. पण निदान आमचा सौदा आम्ही करतो.”

त्याचा अभिमान पोकळ नाही. १९९३ साली दक्षिणेकडच्या सोमालियात वीस हजारांहून जास्त परकी सैनिक होते, जगातले कॅमेरे होते, मदतीची जहाजं होती. त्याच वर्षी बोरामा नावाच्या गावात सोमालीलँडच्या टोळ्यांचे म्हातारे जवळजवळ चार महिने बसून होते. कुणाची विहीर, कुणाचा खून, किती उंट भरपाई, सगळं बोलून काढलं. सुरुवातीला खर्चाला व्यापाऱ्यांचे पैसे आणि बायकांनी रांधलेलं अन्न. त्यातून राज्यघटनेसारखी एक सनद निघाली, म्हाताऱ्यांचं सभागृह निघालं, पोरांनी बंदुका जमा केल्या. सगळे लगेच शहाणे झाले असं नव्हे. पुढे पुन्हा लढायाही झाल्या. पण पाया तिथे पडला. “आम्हाला कुणी मदत केली नाही, म्हणून आम्ही उभे राहिलो,” हे वाक्य तो लहानपणापासून ऐकत आला आहे. मी ते ऐकून भारावले, आणि तेवढ्यात आतून मोगादिशूच्या मुलाचा आवाज आला, “लास अनोदचं पण सांग एद्दोला.” लास अनोद हे पूर्वेचं शहर. तिथल्या लोकांनी हर्गेसाचं राज्य नको म्हटलं, २०२३च्या फेब्रुवारीत लढाई पेटली, शहरावर तोफा चालल्या, आणि ऑगस्टमध्ये सोमालीलँडच्या सैन्याला तिथून निघावं लागलं. हर्गेसाचा मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, “ते चुकलं.” दोनच शब्द. त्या घरात त्या महिन्यात दोघांनी एकमेकांशी बोललेले मी ऐकलेले तेवढेच.

आमच्या सोसायटीत सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार आहेत. संध्याकाळी बागेत बाकावर बसतात. ते १९९३-९४ साली संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत भारतीय तुकडीबरोबर बैदोआकडे होते. मला हे माहीत होतं. त्यांची पत्नी तेव्हा रोज रेडिओला कान लावून बसायची. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मीच मोगादिशूच्या मुलाची आणि त्यांची गाठ घालून दिली. सुभेदार खुलले. लाल माती, गाढवगाडीवरची पाण्याची पिंपं, पिवळे तेलाचे डबे डोक्यावर घेऊन जाणाऱ्या पोरी, आपल्या जवानांनी खोदलेल्या विहिरी. एका म्हाताऱ्याने त्यांना उंटिणीचं दूध दिलं होतं, धुराचा वास असलेलं. मुलगा हसला. दुधाचं भांडं आतून निखाऱ्याने धुपवतात, म्हणून तो वास. मग सुभेदार शांत झाले. आपले काही जवान तिथे कामी आले, डॉक्टरही मारले गेले. ज्यांना वाचवायला गेलो त्यांच्यातल्याच कुणीतरी मारले, हे त्यांना आजही उलगडत नाही. मुलगा बराच वेळ हाताची नखं बघत होता. मग त्याने अगदी आदराने विचारलं, “साहेब, तुम्ही का आला होता?” सुभेदारांनी सांगितलं, दुष्काळ होता, माणसं मरत होती, हुकूम आला. मुलाने मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, “आणि गेलात का?”

सुभेदारांना उत्तर देता आलं नाही. मलाही आलं नसतं. १९९५च्या मार्चमध्ये शेवटचे सैनिक बोटींवर चढले, आणि पुढची बारा वर्षं त्या देशाकडे शांतिसैनिक म्हणून कुणी फिरकलं नाही. २००७ला आफ्रिकी संघाचे सैनिक आले, आधी युगांडाचे, मग बुरुंडीचे, पुढे इतरांचे. तो मुलगा शाळेत गेला तो त्यांच्या पहाऱ्यात. त्यांनी बाजारपेठेवर डागलेल्या तोफांचे आवाजही त्याने ऐकलेत. २०११च्या ऑगस्टमध्ये अल-शबाब मोगादिशूतून मागे हटली, त्यात युगांडाच्या किती आयांची पोरं गेली हे त्याला ठाऊक आहे. त्यांची चिलखती गाडी आली की रस्ता अडायचा. फक्त बजाज निसटायची. तिथे तीनचाकी रिक्षाला बजाजच म्हणतात, आणि पुण्यात उतरल्यावर आकुर्डीला बजाजची पाटी बघून त्याने आईला फोटो पाठवला होता. “ते जावेत असं वाटतं,” तो म्हणाला, “आणि उद्याच गेले तर, असंही वाटतं.” २०२२ साली मध्य सोमालियात हीरानच्या भागात साधे गावकरी, कमरेला लुंगी आणि खांद्यावर जुनी बंदूक, अल-शबाबविरुद्ध स्वतःहून उठले. त्या दिवसांबद्दल बोलताना त्याचा चेहरा उजळतो. पण त्या लढ्यातही आकाशात परक्यांची ड्रोन होती, हेही तो लपवत नाही.

तुर्कस्तानवर मात्र त्याचा जीव आहे. २०११च्या दुष्काळात जग दुरून पैसे पाठवत होतं, तेव्हा तुर्कस्तानचे त्या वेळचे पंतप्रधान एर्दोआन बायकोमुलीला घेऊन स्वतः मोगादिशूत उतरले. त्या दुष्काळात अडीच लाखांच्या आसपास माणसं गेली, त्यातली निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालची मुलं. तुर्कांनी रुग्णालय दुरुस्त केलं, रस्ते केले, इस्तंबूलहून विमान सुरू केलं. तेव्हा जन्मलेल्या काही मुलींची नावंच इस्तंबूल ठेवली गेली. त्याच्या बहिणीचं ऑपरेशन त्या रुग्णालयात झालं. म्हणून फेब्रुवारी २०२४मध्ये सोमालियाने आपल्या समुद्राच्या रक्षणासाठी तुर्कस्तानशी दहा वर्षांचा करार केला, तेव्हा तो खूश होता. हर्गेसाच्या मुलाने माझ्यामार्फत निरोप द्यावा तसं मलाच विचारलं, “एद्दो, त्याला विचारा, तुर्क अजनबी नाहीत का?” मला तो प्रश्न रास्त वाटला, अजूनही वाटतो. एकाला समुद्रापासून लांब ठेवायला दुसऱ्याच्या हाती समुद्र द्यायचा. वर्ष संपता संपता अंकारात सोमालिया आणि इथिओपियाचा समेट झाला, तोही तुर्कांच्याच मध्यस्थीने. पण ज्या बहिणीचा खोकला त्याने अफगोयेच्या रस्त्यावर ऐकला होता ती आज कॉलेजात जाते, याच्यापुढे मी कुठला तह मांडू?

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दोघांचे फोन वाजतात. एकाचा मामा मिनेसोटात ट्रक चालवतो, दुसऱ्याची बहीण लंडनला वृद्धाश्रमात काम करते. त्यांची फी, माझ्या दिरांचं भाडं, सगळं तिथून येतं. अशी परगावी राबणारी सोमाली माणसं वर्षाला अब्जाहून जास्त डॉलर घरी पाठवतात. नोव्हेंबर २००१मध्ये अमेरिकेने त्यांची सगळ्यात मोठी हवाला पेढी एका फटक्यात बंद केली, तेव्हा किती चुली विझल्या असतील. हे पैसे परके की आपले? मामाने नागरिकत्व घेतलंय अमेरिकेचं. पण थंडीत पहाटे चारला ट्रक सुरू करताना त्याच्या डोळ्यांपुढे भाच्याची फी असते. ‘आपलं काम आपण करा’ ही घोषणा मला कुठे जिवंत दिसली असेल, तर या मामाच्या स्टिअरिंगवरच्या हातांत. सरकारं बदलली, फौजा आल्या-गेल्या, हे हात थांबले नाहीत.

मार्चची तेवीस तारीख, शनिवार. रमजान सुरू होता. नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ने पकडलेले पस्तीस सोमाली चाचे मुंबईत आणले. टीव्हीवर दिवसभर तेच, रांगेत बसवलेली हाडकुळी माणसं. ज्यांनी जहाज पळवून सतरा खलाशांना तीन महिने डांबलं त्यांची बाजू मी घेणार नाही. आपल्या नौदलाचा मला अभिमान वाटला. पण दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला की परदेशी भाडेकरूंची कागदपत्रं पुन्हा तपासावीत, आणि संध्याकाळी दोघांना खाली बोलावलं. मी बरोबर गेले. कुणीतरी हसत हसत विचारलं, “तुमच्या गावचे का रे ते?” हर्गेसाचा मुलगा सहज म्हणू शकला असता की मी सोमालीलँडचा, तो किनारा आमचा नाही. एरवी तो पानवाल्यालाही हे सांगायचा. त्या दिवशी त्याने ते म्हटलं नाही. मोगादिशूच्या मुलाच्या शेजारी अर्धं पाऊल पुढे उभा राहून त्याने सांगितलं, “हो, सोमाली आहेत. आम्हीपण सोमाली. फॉर्म कुठे भरायचा?”

वर येताना लिफ्टमध्ये कुणीच बोललं नाही. मी खजूर काढून ठेवले. उपास सोडायची वेळ होत आली तेव्हा दार वाजलं. मोगादिशूचा मुलगा. “एद्दो, दूध आहे?” मी सवयीने दोन पिशव्या काढल्या. त्याने एक घेतली, दुसरी माझ्याच हातात परत ठेवली आणि गेला. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून आवाज यायला लागले. आधी हळू, मग चढत चढत, मग कुणीतरी ओट्यावर हात आपटला. अडीच महिन्यांनी ते पुन्हा कडकडून भांडत होते. मला कळत होते ते तीनचार शब्द, दौलद, वद्दन, अजनबी, पुन्हा दौलद. मी टीव्ही बंद केला. वेलचीचा वास जिन्यातून आत येत होता.